शिखर खरं, नाव खोटं: सेंट लुईसमधल्या एका रक्ततपासणीची गोष्ट

जुलै १९८९. अमेरिकेतल्या मिझुरी राज्यातलं सेंट लुईस शहर. पॅट्रिशिया स्टॉलिंग्ज आपल्या तीन महिन्यांच्या रायनला घेऊन मुलांच्या रुग्णालयात आली. बाळाला उलट्या थांबत नव्हत्या, अंगात त्राण नव्हतं, श्वासाला धाप लागली होती. तपासणाऱ्या विषतज्ज्ञ डॉक्टरांना हे सगळं एका ओळखीच्या चित्रात बसताना दिसलं: एथिलीन ग्लायकॉलची विषबाधा. म्हणजे अँटिफ्रीझ. थंडीत गाडीच्या रेडिएटरमधलं पाणी गोठू नये म्हणून घालतात ते. आपल्याकडे गॅरेजवाले ज्याला कूलंट म्हणतात त्यातला मुख्य घटक. चवीला गोडसर, त्यामुळे लहान मुलं आणि कुत्री ते पितात हे तिथल्या डॉक्टरांना चांगलं ठाऊक होतं. रक्त एका व्यावसायिक प्रयोगशाळेकडे गेलं आणि रिपोर्ट आला: एथिलीन ग्लायकॉल आहे.

तीन महिन्यांचं बाळ स्वतः उठून कॅन उघडत नाही. म्हणजे कुणीतरी पाजलं. रायन बरा झाला, पण घरी गेला नाही. सरकारी देखरेखीखाली दुसऱ्या कुटुंबाकडे ठेवला गेला. आईवडिलांना ठरावीक वेळी, कुणीतरी समोर असतानाच भेटायची मुभा होती. अशाच एका भेटीत आई थोडा वेळ बाळाजवळ एकटी होती, तिनं त्याला बाटलीनं दूध पाजलं. त्यानंतर बाळ पुन्हा तसंच आजारी पडलं आणि ७ सप्टेंबरला गेलं. या वेळी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेनंही रक्तात एथिलीन ग्लायकॉल असल्याचं सांगितलं, आणि त्या दुधाच्या बाटलीतही अंश सापडल्याचं सांगण्यात आलं. पॅट्रिशियावर पहिल्या दर्जाच्या खुनाचा आरोप ठेवला गेला. जामीन नाही.

इथवर वाचून तुम्ही ज्युरीत असता तर काय ठरवलं असतं? दोन प्रयोगशाळा, एक बाटली, एकटीच असलेली आई. मी प्रामाणिकपणे सांगतो, मीही हात वर केला असता.

ती तेव्हा गरोदर होती. फेब्रुवारी १९९० मध्ये कोठडीत असतानाच तिला दुसरा मुलगा झाला. त्यालाही लगेच दुसऱ्या कुटुंबाकडे सोपवलं गेलं. आईनं त्याला पाजण्याचा प्रश्नच नव्हता. आणि दोन आठवड्यांच्या आत त्या बाळाला तोच त्रास सुरू झाला. तपासण्या झाल्या, निदान झालं: मिथाइलमॅलोनिक ॲसिडिमिया, थोडक्यात एमएमए. जन्मजात, आनुवंशिक, चयापचयाचा आजार.

आता कुणालाही वाटेल की इथे खटला संपला असणार. नाही संपला. वकिलानं हा मुद्दा मांडायचा प्रयत्न केला, पण रायनलाही हाच आजार होता असं सांगणारा वैज्ञानिक पुरावा हाती नव्हता आणि न्यायाधीशांनी तो मुद्दा ज्युरीपुढे येऊ दिला नाही. धाकट्याला आजार आहे म्हणून थोरल्याला विष दिलं नाही असं थोडंच सिद्ध होतं? तर्क म्हणून बिनतोडच. १९९१ च्या सुरुवातीला तिला जन्मठेप झाली.

आनुवंशिकतेचं गणित मात्र वेगळं बोलत होतं. हा आजार अप्रभावी जनुकाचा: आई आणि वडील दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के शक्यता. एमएमए मुळात पन्नास हजारांत एखाद्या बाळाला होतो, म्हणून ‘रायनलाही तोच’ हे ऐकताना अशक्य वाटतं. पण सख्ख्या भावाला झाला आहे हे कळल्यावर हिशेब पन्नास हजारांत एकाचा राहत नाही, चारांत एकाचा होतो. आपल्याकडे जिथे मामाच्या मुलीशी लग्न करायची रीत आहे तिथले बालरोगतज्ज्ञ म्हणूनच पहिल्या पाच मिनिटांत विचारतात, ‘आधीचं बाळ असंच गेलं होतं का?’ सेंट लुईसमध्ये हा प्रश्न उलटा विचारायला हवा होता. मागून आलेलं बाळ आधीच्याची साक्ष देत होतं.

शरीरात काय चाललं होतं

आपण खातो त्या प्रथिनांतली काही अमिनो आम्लं (आयसोल्युसीन, व्हॅलीन, मिथिओनीन, थ्रिओनीन) मोडताना वाटेत प्रोपिओनिल कोएन्झाइम ए तयार होतं. त्याचं पुढे मिथाइलमॅलोनिल होतं, त्याचं सक्सिनिल, आणि मग ते ऊर्जेच्या मुख्य चक्रात शिरतं. मिथाइलमॅलोनिलपासून सक्सिनिल बनवणारं एन्झाइम म्हणजे म्युटेज, आणि त्याला मदतनीस म्हणून बी१२ जीवनसत्त्व लागतं. एमएमए असलेल्या बाळात ही पायरी बंद असते. धरणाचा दरवाजा उघडला नाही की पाणी मागे गावात शिरतं, तसं मिथाइलमॅलोनिक आम्ल साचतं आणि त्याच्याही मागचं प्रोपिओनिक आम्ल साचतं. रक्त आम्लधर्मी होतं, कीटोन (चरबी जाळताना शरीरात बनणारे पदार्थ) वाढतात, अमोनिया वाढतो. बाळ उलट्या करतं, गळून जातं, धापा टाकतं. थोडक्यात, एथिलीन ग्लायकॉल प्यायलेल्या बाळासारखं दिसतं.

एथिलीन ग्लायकॉलचा मार्ग वेगळा. तो अल्कोहोल आहे, आम्ल नाही. यकृतातलं अल्कोहोल डिहायड्रोजिनेज हे एन्झाइम त्याच्यावर पहिलं काम करतं आणि पुढच्या पायऱ्यांनी हळूहळू त्याचं ग्लायकॉलिक आणि शेवटी ऑक्झॅलिक आम्ल होतं. तेच ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियमशी जुळून मूत्रपिंडात स्फटिक बनून बसतं. त्या काळी यावर उतारा म्हणून दारूच देत, म्हणजे इथेनॉल, कारण एन्झाइम दारूत गुंतलं की ग्लायकॉलला हात लावत नाही. एमएमएच्या बाळाला काय हवं असतं? प्रथिनं बंद, शिरेतून ग्लुकोज, बी१२, कार्निटीन, अमोनिया उतरवणं. रिपोर्टमधलं एक नाव चुकलं की सगळी उपचाराची वाटच दुसऱ्या गावाला जाते.

‘ग्लायकॉल’ म्हटलं की मुंबईकर डॉक्टरांना जे. जे. रुग्णालय आठवतं. १९८६ च्या सुरुवातीला तिथे भेसळयुक्त ग्लिसरीन दिलेले १४ रुग्ण दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला. ते डायएथिलीन ग्लायकॉल, चुलतभाऊ म्हणा हवं तर. तिथे विष खरोखर होतं आणि ते वेळेवर तपासलं गेलं नव्हतं. इथे उलट: तपासणी झाली, दोनदा झाली, आणि नव्हतं ते सापडलं.

सव्वानऊच्या गाडीचा पाहुणा

हे कसं घडतं ते समजायला गॅस क्रोमॅटोग्राफी थोडी समजून घ्यावी लागते. नमुना तापवून त्याची वाफ एका लांब, बारीक नळीतून वायूच्या झोताबरोबर ढकलतात. नळीच्या आतल्या अस्तराला काही पदार्थ जास्त चिकटतात, काही कमी. त्यामुळे प्रत्येक जण आपापल्या वेळी बाहेर पडतो. टोकाला डिटेक्टर बसलेला असतो. काही बाहेर आलं की कागदावरची रेघ वर जाते आणि खाली येते. त्या उंचवट्याला प्रयोगशाळेत आम्ही पीक म्हणतो. शेतातल्या पिकाशी गल्लत नको म्हणून इथे शिखर म्हणतो.

शिखराचं क्षेत्रफळ सांगतं किती आलं. पण कोण आलं हे साधा डिटेक्टर सांगत नाही. ते आपण वेळेवरून ठरवतो. शुद्ध एथिलीन ग्लायकॉल घालून पाहायचं, ते किती मिनिटांनी येतं ते लिहून ठेवायचं आणि नमुन्यातलं शिखर त्याच वेळी आलं तर म्हणायचं, हाच तो.

साताऱ्याहून कधी न पाहिलेला पाहुणा सव्वानऊच्या एसटीनं येणार आहे. आपण स्टँडवर उभे. गाडी लागते, एक गृहस्थ उतरतात, आपण त्यांच्या हातातली पिशवी घेऊन त्यांना घरी आणतो, चहा पाजतो. सव्वानऊच्या गाडीतून उतरले एवढंच आपल्याला माहीत आहे. नाव विचारलेलं नाही. आणि गाडी सव्वानऊची नसून नऊ वीसची असेल तर? तरीही ‘असेल थोडी लेट’ म्हणून आपण त्यांनाच घेऊन गेलो तर?

रायनच्या बाबतीत हेच झालं. प्रोपिओनिक आम्ल हे तीन कार्बनचं आम्ल, एथिलीन ग्लायकॉल दोन कार्बनचं अल्कोहोल. रसायन म्हणून एकमेकांशी नातं नाही, पण त्या नळीतून जवळजवळ एकाच वेळी बाहेर पडणारे. दोन पायऱ्यांनी ही गल्लत टळते. एक, दुसऱ्या प्रकारच्या अस्तराच्या नळीतून पुन्हा चालवणं, म्हणजे पाहुण्याला दुसऱ्या स्टँडवरही भेटणं. दुसरी आणि खरी पायरी म्हणजे मास स्पेक्ट्रोमीटर: बाहेर आलेल्या रेणूचे तुकडे करून प्रत्येक तुकड्याचं वजन घेणं. तुकड्यांचा तो नमुना अंगठ्याच्या ठशासारखा असतो. जीसी-एमएस, म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफीला जोडलेला मास स्पेक्ट्रोमीटर, १९८९ मध्ये काही नवलाई नव्हती. चांगल्या विद्यापीठांतल्या प्रयोगशाळांत ती होती.

पुन्हा तपासणी

सेंट लुईस विद्यापीठात जैवरसायन विभागाचे प्रमुख होते विल्यम स्लाय. आनुवंशिक चयापचयाच्या क्षेत्रातलं मोठं नाव. एका आजाराला ‘स्लाय सिंड्रोम’ म्हणतात तो यांच्याच नावावरून. टीव्हीवरच्या एका कार्यक्रमातून हे प्रकरण त्यांच्या आणि त्यांचे सहकारी जेम्स शूमेकर यांच्या कानावर आलं. शूमेकर चयापचय तपासणीची प्रयोगशाळा सांभाळायचे. त्यांनी रायनच्या रक्ताचा शिल्लक नमुना मिळवला आणि स्वतः चालवला. एथिलीन ग्लायकॉल नव्हतं.

मग नमुना येल विद्यापीठात पिएरो रिनाल्डो यांच्याकडे गेला. त्यांना मिथाइलमॅलोनिक आम्ल भरपूर सापडलं. रक्तात आणि लघवीत कीटोनचे ढीग. एथिलीन ग्लायकॉल त्यांनाही नाही. दुधाची बाटली मात्र कुणालाच पुन्हा तपासता आली नाही. ती गहाळ झाली होती.

तरी एक प्रश्न उरतोच, आणि मला या प्रकरणातला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो: दोन वेगवेगळ्या प्रयोगशाळा एकच चूक कशा करतील? रिनाल्डोंनी मूळ कागद मागवले. निष्कर्षाची ओळ नव्हे, आलेख. त्यात दिसलं ते असं: एका प्रयोगशाळेनं एथिलीन ग्लायकॉल असल्याचं लिहिलं होतं, पण बाळाच्या रक्ताचा आलेख त्यांच्याच ज्ञात नमुन्याच्या आलेखाशी जुळत नव्हता. दुसऱ्या प्रयोगशाळेला रक्तात काहीतरी अनोळखी दिसलं होतं आणि ते एथिलीन ग्लायकॉलच असणार असं धरून चालण्यात आलं. बाटलीच्या आलेखात तर वेगळं काही नव्हतंच, तरी तिथेही लिहिलं गेलं.

म्हणजे दोन साक्षीदार नव्हते. एकच साक्षीदार दोनदा बोलला. दोघांनाही आधीच सांगितलेलं होतं की अँटिफ्रीझ शोधा. पुढे शूमेकर आणि स्लाय यांनी आणखी प्रयोगशाळांकडेही तपासणीला नमुने पाठवले, आणि त्यांतल्याही काहींनी एथिलीन ग्लायकॉल असल्याचं कळवलं. त्यांचा हा सगळा शोध १९९२ मध्ये बालरोगशास्त्राच्या नियतकालिकात छापून आला. एखाद्या बेफिकीर तंत्रज्ञाच्या माथी मारून मोकळं व्हावं असं हे प्रकरण नाही. पद्धतीतच ती फट होती.

सरकारी वकील होते जॉर्ज मॅकेलरॉय. रिनाल्डोंनी त्यांच्यापुढे सगळं मांडलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी पत्रकार परिषद घेऊन प्रयोगशाळेच्या रिपोर्टांवर आपला विश्वास उरला नसल्याचं जाहीर केलं. २० सप्टेंबर १९९१ रोजी सगळे आरोप मागे घेतले गेले. ज्यानं तिला शिक्षा मिळवून दिली त्यानंच ती जाहीरपणे मोडीत काढली, हे आपल्या न्यायालयांच्या पायऱ्या झिजवलेल्या माणसाला नवल वाटावं असंच आहे.

महागड्या यंत्राशिवाय काय करता आलं असतं

जिल्ह्याच्या गावात जीसी-एमएस नसतं, हे मला ठाऊक आहे. पण या दोन आजारांना वेगळं पाडणाऱ्या काही गोष्टी साध्या रसायनशास्त्रातच आहेत.

पहिली, ॲनायन गॅप: सोडियममधून क्लोराइड आणि बायकार्बोनेटची बेरीज वजा करा. साधारण ८ ते १२ यायला हवा. दोन्ही आजारांत तो वाढतो, त्यामुळे हा आकडा आग लागल्याचं सांगतो, कुणी लावली ते नाही.

दुसरी, ऑस्मोलल गॅप, म्हणजे रक्तात विरघळलेल्या कणांचा मोजलेला आकडा आणि हिशेबानं काढलेला आकडा यांतला फरक, आणि हिच्यात गंमत आहे. हिशेब असा: सोडियमची दुप्पट, अधिक ग्लुकोज भागिले १८, अधिक युरिया भागिले ६. समजा सोडियम १४०, ग्लुकोज ९०, युरिया ३०: २८० अधिक ५ अधिक ५, म्हणजे २९०. आता ऑस्मोमीटरवर प्रत्यक्ष मोजून ३३० आलं, तर ४० चा हिशेब लागत नाही. रक्तात सोडियमशी न जोडलेलं, लहान रेणूचं काहीतरी भरपूर आहे. एथिलीन ग्लायकॉलचं रेणूभार ६२, म्हणून दर डेसिलिटरला ६२ मिलिग्रॅम असलं की हा फरक १० नं वाढतो. प्रोपिओनिक आम्ल मात्र रक्तात सोडियमचा जोडीदार म्हणूनच वावरतं आणि सोडियमची दुप्पट करताना तो जोडीदार आधीच मोजलेला असतो. म्हणून त्यानं ॲनायन गॅप वाढतो, ऑस्मोलल गॅप तितका नाही. पण सावध: ग्लायकॉलचं आम्लात रूपांतर होऊन गेलं की हा फरकही मिटतो. उशिरा आलेल्या रुग्णात गॅप नाही म्हणून विष नाही असं लिहू नये.

तिसरी, लघवीतले कीटोन. काही रुपयांची पट्टी. विषात कीटोनचा पूर येत नाही. तान्ह्या बाळात तो दिसला तर चयापचयाच्या जन्मजात आजाराकडे बोट जातं. चौथी, अमोनिया. हा मात्र नखरेल पाहुणा: बर्फात ठेवून, लगेच प्रयोगशाळेत न्यायचा. वॉर्डबॉय वाटेत चहाला थांबला की रीडिंग फुगतं.

आज कोरड्या रक्ताच्या थेंबावरून टँडेम मास स्पेक्ट्रोमेट्रीनं प्रोपिओनिलकार्निटीन (कार्निटीनला जोडलेलं प्रोपिओनिल) मोजतात आणि बाळाला पहिला त्रास व्हायच्या आधीच एमएमएचा सुगावा लागू शकतो. गोव्यात २००८ मध्ये सरकारी पातळीवर नवजात बाळांची अशी तपासणी सुरू झाली होती.

इथे आपल्या भागासाठी एक काटा मुद्दाम सांगायला हवा. म्युटेजला बी१२ लागतं हे वर आलंच. पूर्ण शाकाहारी आईला बी१२ फार कमी असेल, तर तिच्या अंगावर पिणाऱ्या बाळातही मिथाइलमॅलोनिक आम्ल आणि प्रोपिओनिलकार्निटीन वाढतं. एन्झाइम ठणठणीत, नुसता मदतनीस गैरहजर. पुण्या-मुंबईत अशी बाळं येतात. आलेख पुन्हा खराच असतो आणि पुन्हा त्याला चुकीचं नाव चिकटू शकतं: ‘एमएमए, आनुवंशिक’. आईचं बी१२ आणि बाळाचं होमोसिस्टीन (बी१२ कमी पडलं की वाढणारं एक अमिनो आम्ल) पाहिल्याशिवाय ते नाव लिहू नये. बी१२ च्या इंजेक्शनानं सुधारणाऱ्या बाळाच्या आईवडिलांना पुढचं मूल होऊ देऊ नका असं सांगितलं गेलं, तर ती शिक्षाही जन्मठेपेहून फार हलकी नाही.

मी हे प्रकरण विद्यार्थ्यांना शिकवताना नावगाव न सांगता दोन आलेख काढून देतो: एक ज्ञात एथिलीन ग्लायकॉलचा, एक ‘रुग्णाचा’, शिखर थोडं पुढे सरकवलेलं. अर्ध्या वर्गाच्या फॉर्मवर ‘अँटिफ्रीझ? पोलीस केस’ असं लिहिलेलं असतं, अर्ध्यांच्या फॉर्मवर नुसतं वय आणि ‘उलट्या’. पहिल्या अर्ध्या वर्गातले बरेच जण निष्कर्षाच्या रकान्यात बेधडक विषाचं नाव लिहितात; दुसरे पेन चावत बसतात. यंदा पोलीस केसवाल्या गटातल्या एका मुलीनं मात्र लिहिलं: ‘ज्ञात नमुन्याशी जुळत नाही. ओळख पटलेली नाही. सीरम शिल्लक आहे, उणे २० वर ठेवलं आहे.’